ठेवायचे नाही ते लिहायचे कशाला?

टीव्हीचे कार्यक्रम घरच्या संगणकावर रेकॉर्ड करायचे म्हटले की बोलणे सहसा तीन गोष्टींवर येते: ट्यूनर कोणता घ्यावा, डिस्क किती मोठी लागेल आणि जाहिराती आपोआप कशा गाळता येतील. दिवसभरात डिस्कवर नेमके किती लिहिले जाते, हे फारसे कोणी विचारत नाही, कारण उत्तर उघड वाटते. तासाभराचा कार्यक्रम रेकॉर्ड केला, तर तासाभराचा डेटा लिहिला गेला, झाले. हा हिशोब थोडाथोडका नाही, कित्येक पटींनी चुकतो. मिथटीव्ही, टीव्हीहेडएन्ड, प्लेक्स, जेलीफिन यांपैकी काहीही वापरा, नीट लक्ष घातले नाही तर ठेवलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा टाकून दिलेल्या फायलींचेच लेखन जास्त होते. ही पुस्तिका त्या टाकाऊ फायलींविषयी आहे. कुठल्या मेनूत जाऊन काय बदलायचे ते पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत फक्त त्यामागचा विचार मांडायचा आहे, कारण तो पटला नाही तर सेटिंग बदलून उपयोग होत नाही आणि अर्धवट पटला तर नुकसानच होते.

एक साधे घर डोळ्यांसमोर ठेवू. वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ८ मेगाबिट धरू. एचडी वाहिनीसाठी हा मध्यम आकडा आहे आणि हिशोबाला सोयीचाही, कारण तो सेकंदाला बरोबर एक मेगाबाइट, म्हणजे तासाला ३.६ जीबी होतो. या घरात रोज चार तास टीव्ही याच सॉफ्टवेअरमधून पाहिला जातो. फोन आला की कार्यक्रम थांबवता यावा, हुकलेला संवाद मागे नेऊन ऐकता यावा, म्हणून सॉफ्टवेअर चालू प्रक्षेपणाची प्रत सतत बाजूला लिहीत असते. हा झाला टाइमशिफ्टचा बफर. त्यात चार तासांचे १४.४ जीबी गेले. शिवाय रोज एक तासाची मालिका रेकॉर्ड होते, तिचे ३.६ जीबी. रात्री जाहिराती कापणारा प्रोग्रॅम चालतो आणि पाव भाग गाळून उरलेले २.७ जीबी नव्या फायलीत लिहितो. मग ती फाईल तात्पुरत्या फोल्डरातून संग्रहात हलवली जाते. दोन्ही फोल्डर वेगळ्या फाईल सिस्टिमवर असतील, तर हलवणे म्हणजे पुन्हा कॉपी करून मूळ पुसणे. आणखी २.७ जीबी. एकूण बेरीज २३.४ जीबी, आणि सकाळी घरच्यांच्या हाती लागते ती २.७ जीबीची एक फाईल. ठेवलेल्या प्रत्येक बाइटमागे साडेआठ बाइटांहून जास्त लेखन झाले. मोबाइलवर पाहता यावे म्हणून कोणी वाटेत रूपांतर केले, म्हणजे ट्रान्सकोडिंग, तर त्याच्या तुकड्यांची भर वेगळी. ती मी धरलेलीच नाही.

हे असे का झाले, याला इतिहास आहे. टिव्हो आणि रिप्लेटीव्ही ही घरगुती डिजिटल रेकॉर्डरची पहिली दोन यंत्रे १९९९ साली अमेरिकेत बाजारात आली. टिव्होचे वैशिष्ट्यच हे, की लावलेल्या वाहिनीचा शेवटचा अर्धा तास ते सतत हाताशी ठेवी. चालू टीव्ही थांबवता येतो, ही त्या काळी जादू वाटली होती. पण त्या पहिल्या टिव्होत रॅम होती अवघी १६ मेगाबाइट. सर्वात साध्या दर्जाचे रेकॉर्डिंगही तासाला साधारण एक जीबी खाई, म्हणजे अर्ध्या तासाच्या बफरला ५०० मेगाबाइट हवेत. ते डिस्कखेरीज ठेवणार कुठे? त्यामुळे यंत्र चालू असेपर्यंत डिस्क लिहीतच राहायची, कोणी टीव्ही पाहत असो वा नसो. पुढे या कामासाठी वेगळ्या हार्ड डिस्कही निघाल्या. वेस्टर्न डिजिटलची एव्ही-जीपी आणि सीगेटची पाइपलाइन या मालिका चोवीस तास व्हिडिओ लिहिण्यासाठीच विकल्या जात. २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्स यांनी मिथटीव्ही लिहायला घेतले तेव्हाही घरच्या संगणकाची रॅम मेगाबाइटमध्येच मोजली जाई, म्हणून तिथेही तोच आराखडा आला. आज जुन्या ऑफिस संगणकातही ८ जीबी रॅम सापडते. म्हणजे कारण केव्हाच गेले, सवय मात्र राहिली, आणि नवी सॉफ्टवेअरसुद्धा ती निमूटपणे पुढे चालवतात.

मग सगळ्याच तात्पुरत्या फायली रॅममध्ये टाकाव्यात का? हाच सल्ला जिकडेतिकडे मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. 'तात्पुरती फाईल' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या जाती एकत्र नांदतात. दुकानदार गल्ल्याशेजारच्या कागदावर बेरीज करतो आणि दिवसाचा जमाखर्च वहीत मांडतो. कागद हरवला तर तो खांदे उडवेल, पण वहीचे आजचे पान अर्धे लिहून झाले असेल तर त्याला कोणी तात्पुरते म्हणून फाडणार नाही. टाइमशिफ्टचा बफर हा तो कागद. चालू असलेले रेकॉर्डिंग, मग ते सॉफ्टवेअरने लपवलेल्या फोल्डरात का ठेवलेले असेना, हे वहीचे अर्धे पान. प्लेक्स रेकॉर्डिंग पूर्ण होईपर्यंत ते संग्रहातल्याच एका लपलेल्या फोल्डरात ठेवतो. त्या फोल्डराच्या जागेवरून त्याला टाकाऊ समजणारा माणूस एखाद्या दिवशी अंतिम सामन्याचे रेकॉर्डिंग गमावून बसेल. तेव्हा पहिला प्रश्न 'ही फाईल तात्पुरती आहे का' हा नाहीच. 'या क्षणी वीज गेली तर ही फाईल कोणाला हवी असेल का' असे विचारायला हवे. उत्तर नाही असेल तर ती डिस्कवर जाऊच नये. हो असेल तर ती थेट डिस्कवर जावी, पण एकदाच.

क्षणिक आणि टिकाऊ यांतला हा भेद तांत्रिक कीस काढणे वाटत असेल, तर अमेरिकी न्यायालयांनाही तो करावा लागला आहे. केबलव्हिजन कंपनीच्या रेकॉर्डिंग सेवेवरच्या स्वामित्वहक्काच्या खटल्यात २००८ साली तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले, की ज्या बफरमध्ये डेटा जास्तीत जास्त १.२ सेकंद टिकतो त्यातला मजकूर कायद्याच्या अर्थाने प्रतच नव्हे. घरच्या टाइमशिफ्टला तो निकाल लागू करता येणार नाही, आणि इथे मुद्दा स्वामित्वहक्काचा नाहीही. पण किती काळ टिकते आणि कशासाठी टिकते, यावरून प्रतीची प्रत ठरते, ही दृष्टी आपल्या कामाची आहे.

बफरपासून सुरुवात करू, कारण सर्वात मोठी बचत तिथे आहे आणि धोका सर्वात कमी. दहा मिनिटांच्या बफरला आपल्या हिशोबाने ६०० मेगाबाइट लागतात, अर्ध्या तासाला १.८ जीबी. ८ जीबी रॅमच्या संगणकाला हे जड नाही. २ जीबीच्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाला अर्धा तास झेपणार नाही, पाच मिनिटे झेपतील, आणि पाणी प्यायला उठलेल्या माणसाला पाच मिनिटे पुरतात. टीव्हीहेडएन्डमध्ये बफर फक्त रॅममध्ये ठेवण्याची आणि त्या रॅमला कमाल मर्यादा घालण्याची सोय आहे. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती मागणीनुसार बफर सुरू करण्याची सोय. ती लावली की पॉजचे बटण दाबेपर्यंत काहीच साठवले जात नाही. याची किंमत आहे: थांबवण्याआधीच्या क्षणाकडे मागे जाता येत नाही. क्रिकेट पाहणाऱ्याला ही किंमत परवडणार नाही, बातम्या पाहणाऱ्याला जाणवणारही नाही. मिथटीव्हीची रचना वेगळी. तिथे चालू टीव्हीसुद्धा रीतसर रेकॉर्डिंग म्हणूनच लिहिला जातो, 'लाइव्हटीव्ही' नावाच्या साठवणगटात, आणि नंतर आपोआप कालबाह्य होऊन पुसला जातो. ही रचना मला आवडते, कारण पाहता पाहता 'हे ठेवू या' असे वाटले तर सुरुवातीपासूनचा कार्यक्रम तयार असतो. पण त्यामुळेच तिथे बफर सरसकट रॅममध्ये हलवणे सोपे नाही. त्या गटाला वेगळी, स्वस्त डिस्क द्यावी हा तोडगा त्यातल्या त्यात बरा.

इथे लिनक्स जाणणारा वाचक हरकत घेईल, आणि ती हरकत वजनदार आहे. तो म्हणेल, ऑपरेटिंग सिस्टिम लिहिलेला डेटा लगेच डिस्कवर टाकतच नाही, आधी रॅममध्येच धरते, मग वेगळी खटपट कशाला? खरे आहे. लिनक्सचा कर्नल सहसा दर पाच सेकंदांनी जागा होतो आणि तीस सेकंदांहून जुना झालेला डेटा डिस्ककडे पाठवतो. एखादी फाईल तयार होऊन त्याआधीच पुसली गेली आणि तिच्यासाठी सक्तीने लिहिण्याची आज्ञा कोणी दिली नाही, तर तिचा मजकूर डिस्कला कधी दिसतही नाही. कंपाइलरच्या कित्येक चिल्लर फायली अशाच येतात नि जातात. पण टीव्हीच्या तात्पुरत्या फायली तीस सेकंदांत मरत नाहीत. बफरचा तुकडा दहावीस मिनिटे जगतो. ट्रान्सकोडिंगचे चारसहा सेकंदांचे तुकडे पुष्कळदा पाहणारा उठेपर्यंत पडून राहतात. कर्नलच्या दृष्टीने ते टिकाऊच, म्हणून ते लिहिले जातात आणि मग पुसले जातात. यावर काही जण ती तीस सेकंदांची मुदतच दहा मिनिटांवर नेतात. हे म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. ही मुदत सबंध संगणकाला लागू होते. वीज गेली तर बफरबरोबर खऱ्या रेकॉर्डिंगचीही शेवटची काही मिनिटे जातात, शिवाय साठलेला ढीग एकदम डिस्कवर उतरला की त्या गर्दीत नवा डेटा ताटकळतो. मिथटीव्हीत तर उलट काळजी घेतलेली आहे. त्याची लेखनव्यवस्था वेगळ्या थ्रेडमधून थोडा थोडा डेटा मुद्दाम डिस्ककडे ढकलत राहते, ती असा ढीग साचू नये म्हणूनच. एका जातीच्या फायलींसाठी दोन्ही जातींचा नियम बदलणे हीच मूळ चूक आहे.

त्यापेक्षा दुकानदाराच्या कागदासाठी, म्हणजे टाकाऊ फायलींसाठी, जागा वेगळी करणे चांगले, आणि लिनक्समध्ये ती टीएमपीएफएस नावाने २.४ या कर्नलपासून आहे. दिसायला फोल्डर, असते रॅममध्ये. मात्र तिचे तीन स्वभाव ओळखूनच तिच्या वाटेला जावे. मर्यादा सांगितली नाही तर ती निम्मी रॅम व्यापू शकते. भरली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला 'जागा संपली' असे उत्तर मिळते आणि तो प्रोग्रॅम ते किती शहाणपणाने घेईल याची खात्री नसते. तिसरा स्वभाव सर्वात फसवा: रॅम कमी पडली तर तिच्यातला मजकूर स्वॅपमध्ये, म्हणजे पुन्हा डिस्कवर जातो. छोट्या संगणकात स्वॅप ज्या मेमरी कार्डावर असतो ते वाचवण्यासाठीच हा खटाटोप चाललेला असतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून 'टेम्प' फोल्डर मुळातच टीएमपीएफएसवर असतो. ज्यांचे सॉफ्टवेअर त्याच फोल्डरात काही जीबींच्या फायली टाकत होते, त्यांच्यासाठी हा बदल न सांगता आलेला पाहुणा आहे. बफरला आणि ट्रान्सकोडिंगला प्रत्येकी स्वतःची, आकार ठरवलेली जागा द्यावी, सामाईक फोल्डरावर विसंबू नये, असा माझा आग्रह त्यासाठीच.

आता दुसरी जात, ठेवायच्या फायली. त्या रॅममध्ये नकोत याचे कारण महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. लोडशेडिंग कमी झाले तरी पावसाळ्यात वीज जायची ती जातेच. रेकॉर्डिंग थेट डिस्कवर होत असेल तर वीज जाईपर्यंतचा भाग हाती राहतो. तो पाहता येण्याजोगा राहतो का, हे मात्र फायलीच्या प्रकारावर अवलंबून आहे. प्रक्षेपण ज्या रूपात येते तो ट्रान्सपोर्ट स्ट्रीम १८८ बाइटांच्या पाकिटांचा बनलेला असतो. प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीला ठरलेला खुणेचा बाइट असतो, त्यामुळे अशी फाईल कुठेही तुटली तरी प्लेअर पुढची खूण शोधून चालू होतो. उपग्रह, केबल आणि जमिनीवरचे ट्रान्समीटर यांच्या अडथळ्यांचा विचार करूनच ती रचना झाली आहे. साध्या एमपी-४ फायलीचे तसे नाही. तिची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, आणि ती लिहायच्या आत वीज गेली तर तासाभराचे रेकॉर्डिंग असून नसल्यासारखे. म्हणून जागा वाचते या मोहाने थेट एमपी-४ मध्ये रेकॉर्ड करू नये. मूळ स्ट्रीम जशी येईल तशी लिहावी.

आणि एकदाच लिहावी. पुस्तिकेतला सर्वात मोठा भाग या एका शब्दावर खर्च झाला आहे, कारण बफरचे लेखन निदान लोकांना ठाऊक असते, रेकॉर्डिंगच्या आवृत्त्या कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. जाहिराती घ्या. त्या कापून नवी फाईल करण्याची गरज क्वचितच असते. कॉमस्किपसारखा प्रोग्रॅम जाहिरात कुठे सुरू झाली आणि कुठे संपली याच्या वेळा काही ओळींच्या मजकूर-फायलीत लिहून देतो. कोडीसारखा प्लेअर ती वाचून तेवढा भाग ओलांडतो. लेखन काही किलोबाइटांचे. यावर आक्षेप असा, की मग जाहिराती जागा अडवतात. अडवतात, आपल्या उदाहरणात तासाला ०.९ जीबी. पण बहुतेक मालिका एकदा पाहून पुसायच्याच असतात, आणि दोन दिवसांनी पुसायच्या फायलीतली जागा वाचवण्यासाठी २.७ जीबी नव्याने लिहिणे हा उफराटा व्यवहार आहे. शिवाय ओळखणारा प्रोग्रॅम चुकतो, कधी मालिकेचा प्रसंगच जाहिरात समजतो. खुणा असतील तर त्या दुरुस्त करता येतात, कापलेला प्रसंग परत येत नाही. जे कायम संग्रहात ठेवायचे त्याची खुशाल काटछाट करावी, रूपांतरही करावे. ते लेखन वाया जात नाही.

फाईल हलवण्याचा प्रकार याहून चोरटा आहे. एकाच फाईल सिस्टिममध्ये फाईल एका फोल्डरातून दुसऱ्यात नेली, तर मजकूर जागचा हलतही नाही, फक्त नावाची नोंद बदलते. ३.६ जीबींची फाईल डोळ्याचे पाते लवायच्या आत 'हलते'. फाईल सिस्टिम वेगळी झाली की तेच काम कॉपी होऊन बसते. हे बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ते डॉकरमधले, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या व्यवस्थेतले. रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर डॉकरमध्ये चालवणारा सहसा दोन फोल्डर स्वतंत्रपणे आत जोडतो, एक तात्पुरत्या फायलींसाठी, एक संग्रहासाठी. बाहेरून पाहिले तर दोन्ही एकाच डिस्कवर, एकाच फाईल सिस्टिममध्ये शेजारी शेजारी असतात. पण आतल्या प्रोग्रॅमला ते दोन वेगळे माउंट दिसतात. नाव बदलण्याची आज्ञा कर्नल नाकारतो आणि प्रोग्रॅम बिचारा पूर्ण फाईल कॉपी करतो, त्याच डिस्कवरून त्याच डिस्कवर. दोघांचा मिळून एकच वरचा फोल्डर आत जोडला की हे लेखन शून्यावर येते. इतक्या कमी श्रमात इतकी बचत या विषयात दुसरीकडे नाही. उदाहरणातल्या घरात बफर रॅममध्ये नेला, जाहिरातींना फक्त खुणा केल्या आणि हलवणे नाव बदलण्यावर आणले, तर रोजचे लेखन २३.४ वरून ३.६ जीबीवर येते.

एवढे मान्य करूनही मुळातच प्रश्न विचारता येईल: या बचतीची गरज काय? एसएसडी इतक्या सहज झिजते का? प्रामाणिक उत्तर असे, की चांगली एसएसडी झिजत नाही. सॅमसंगच्या ८७० इव्हो मालिकेतल्या २५० जीबीच्या डिस्कला कंपनी १५० टेराबाइट लेखनापर्यंतची हमी देते. आपले घर काहीही न सुधारता वर्षाला साडेआठ टेराबाइट लिहिते, म्हणजे हमीतला आकडा गाठायला सतरा वर्षे. आणि प्रत्यक्ष टिकाव हमीहून जास्त असतो. 'द टेक रिपोर्ट'ने २०१३ ते २०१५ या काळात सहा एसएसडी मरेपर्यंत लिहून पाहिल्या, तेव्हा त्या सगळ्यांनी ७०० टेराबाइटांचा टप्पा ओलांडला आणि दोन तर २ पेटाबाइटांच्याही पुढे गेल्या. 'तात्पुरत्या फायलींनी एसएसडी मरते' अशी भीती घालणारे लेखन म्हणूनच मला पटत नाही. मात्र हेच गणित चोवीस तास बफर लिहिणाऱ्या सेटअपला लावून पाहा. सेकंदाला एक मेगाबाइट म्हणजे दिवसाला ८६.४ जीबी, वर्षाला साडेएकतीस टेराबाइट, तेही एका ट्यूनरचे. दोन ट्यूनर असले तर तीच हमी अडीच वर्षांच्या आतच संपते. अमेरिकेतल्या एटीएससी प्रक्षेपणाचा पूर्ण प्रवाह सेकंदाला १९.३९ मेगाबिटांचा असतो. तो अख्खा लिहिणाऱ्याचे एका ट्यूनरचेच वार्षिक लेखन ७६ टेराबाइटांवर जाते. म्हणजे एसएसडीची काळजी करावी की नाही, हे टीव्ही किती पाहता यावर नाही, कोणी पाहत नसताना सॉफ्टवेअर काय करते यावर ठरते.

फिरत्या हार्ड डिस्कला झीज नसते असे समजून पुष्कळ जण बफर तिकडे वळवतात. तिलाही वर्षाचा कोटा असतो. सीगेट आपल्या साध्या बाराकुडा डिस्कसाठी वाचन आणि लेखन मिळून वर्षाला ५५ टेराबाइट इतके काम गृहीत धरते, आयर्नवुल्फसारख्या नॅससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणयंत्रासाठीच्या, डिस्कला १८०. चोवीस तासांच्या एका बफरने ५५ पैकी निम्म्याहून जास्त खाल्ले, तेही कोणी काही पाहण्याआधी. पण हार्ड डिस्कच्या बाबतीत मला झिजेपेक्षा गर्दीची चिंता वाटते. तिची वाचायची-लिहायची टोके एकाच हातावर असतात. दोन रेकॉर्डिंग, एक बफर, शेजारी जाहिराती शोधणारा प्रोग्रॅम आणि वर कोणी जुना चित्रपट पाहत असेल, तर तो हात सारखा इकडून तिकडे धावतो. प्रक्षेपण मात्र कोणासाठी थांबत नाही. लेखन अडले आणि मधला साठा भरला की पाकिटे गळतात. ट्रान्सपोर्ट स्ट्रीमच्या प्रत्येक पाकिटावर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. तो तुटला की टीव्हीहेडएन्डच्या नोंदीत 'कंटिन्युइटी' चुकल्याची ओळ उमटते आणि पडद्यावर चौकोनी ठिगळे दिसतात. अशी प्रत्येक ओळ डिस्कचा दोष नव्हे, बहुतेकदा डिशचा कोन किंवा केबलचा जोड ढिला असतो. पण सिग्नल चांगला असूनही जाहिराती शोधण्याच्या वेळीच या ओळी येत असतील, तर संशय डिस्कवर घ्यावा. लेखन कमी केल्याचा फायदा आयुष्य संपताना नाही, त्याच संध्याकाळी दिसतो तो असा.

खरी झीज होते ती मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्हची, आणि आपल्याकडच्या घरांशी या विषयाचा सर्वात जवळचा संबंध इथेच आहे. डीडी फ्री डिशसाठी बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त सेट टॉप बॉक्सना यूएसबीची खाच असते आणि पेन ड्राइव्ह लावला की रेकॉर्डिंग आणि टाइमशिफ्टची सोय मिळते. काही बॉक्समध्ये टाइमशिफ्ट आपोआप सुरू होते: वाहिनी बदलली की लेखन सुरू, कोणी थांबवो न थांबवो. पेन ड्राइव्हच्या वेष्टनावर किती लेखन सोसेल याचा आकडा छापलेला नसतो, आणि झीज सगळीकडे सारखी वाटून देणारी यंत्रणा त्यात एसएसडीइतकी सक्षम नसते. त्यातून एफएटी पद्धतीच्या फाईल सिस्टिममध्ये जागावाटपाचा तक्ता ठरलेल्या ठिकाणी असतो आणि फाईल वाढेल तसा तोच तक्ता पुन्हा पुन्हा लिहिला जातो. तिथे मेनूतले आपोआप टाइमशिफ्ट बंद करणे हाच अर्धा इलाज. रास्पबेरी पायसाठी २०१८ मध्ये टीव्ही हॅट हा वर जोडायचा ट्यूनर आला तेव्हापासून युरोपात छोट्या खर्चात टीव्हीहेडएन्ड चालवणारे वाढले. त्यांच्या अनुभवाचा धडा इकडेही लागू आहे: कार्डावर फक्त ऑपरेटिंग सिस्टिम ठेवावी, रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर न्यावे, बफर रॅममध्ये.

लॉग, कार्यक्रमपत्रिकेचा साठा, डेटाबेसच्या नोंदी यांवर पुस्तिकेत एकच छोटे प्रकरण आहे, आणि ते मुद्दाम छोटे आहे. कार्डावर चालणाऱ्या यंत्रात त्यांना महत्त्व असते, कारण आकार लहान असला तरी सक्तीने लगेच लिहिण्याच्या आज्ञा त्यांतच जास्त असतात. एसएसडीवर त्यांच्यामागे लागणे म्हणजे मीठ मोजून पोती सांडणे. फाईल वाचल्याची वेळ नोंदवणे बंद करा, हा जुना सल्ला अजून फिरतो. २००९ पासून लिनक्स ती नोंद तशीही सहसा दिवसातून एकदाच करतो.

शेवटी वाचकाला एक विनंती. पुढच्या प्रकरणांतले काहीही बदलण्याआधी आपल्या यंत्राचे लेखन मोजा. लिनक्सच्या 'प्रॉक' फोल्डरात 'डिस्कस्टॅट्स' नावाची फाईल असते, तिच्यात प्रत्येक डिस्कची एक ओळ. डिस्कच्या नावानंतरचा सातवा आकडा म्हणजे संगणक सुरू झाल्यापासून त्या डिस्कवर लिहिलेले सेक्टर, प्रत्येक ५१२ बाइटांचा. एका तासाच्या रेकॉर्डिंगआधी आणि नंतर तो पाहा. सेकंदाला ८ मेगाबिटांच्या वाहिनीसाठी फरक साधारण ७० लाख यायला हवा. दुप्पट-तिप्पट आला तर कोणीतरी दुसरे लिहीत आहे. मग रेकॉर्डिंग नसताना, टीव्ही बंद असताना, पुन्हा एक तास मोजा. हे दोन आकडे कुठेतरी टिपून ठेवा. पुढच्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ते लागणार आहेत.